सतरा नंबरचा बिल्ला

"सूनबाई, कशालाही हात लाव. ट्रकला लाव, माझ्या हत्यारांच्या पेटीला लाव, फार तर माझ्या टकलाला लाव! पण या बिल्ल्यांना हात लावू नकोस."

वायरमनकाकांनी ही ताकीद दिली मंगळवारी दुपारी दोन वाजता. दोन वाजून एक मिनिटाने सूनबाईने ती उडवून लावली.

"काका, मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेय. पहिल्या वर्गात!"

"म्हणूनच सांगतोय," काका म्हणाले आणि सासरेबुवांच्या स्कूटरवर मागे बसून हेडलाइटचे बल्ब आणायला निघून गेले.

व्हरांड्यात उरले तिघे. सूनबाई, तिची अकरा महिन्यांची छकुली आणि जुन्या चादरीवर अजगरासारखा पसरलेला वायरींचा जुडगा. सासूबाई आत झोपल्या होत्या. त्यांना या सगळ्यात रस नव्हता. अंगणातल्या ट्रकला त्या 'माझी सवत' म्हणायच्या. "तीस वर्षं हिच्याबरोबर हिंडले, निवृत्त झाले तर हिला घरीच घेऊन आले!"

त्यात खोटं काही नव्हतं. सासरेबुवांनी लष्करात तीस वर्षं अगदी असाच ट्रक चालवला होता आणि वायरमनकाकांनी त्याच तुकडीत गाड्यांची वीज सांभाळली होती. लिलावात हा ट्रक दिसला आणि दोघे म्हातारे हरवलेला भाऊ सापडावा तसे त्याच्या गळ्यात पडले. ट्रकला गळा नव्हता, म्हणून बंपरला मिठी मारली. पण तपासणी कार्यालयाला मिठ्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी ट्रक दोनदा नापास केला. पहिल्यांदा ब्रेकलाइट लागेना, दुसऱ्यांदा हॉर्न वाजेना. आता शनिवारी सकाळी अकराला तिसरी आणि शेवटची तपासणी होती. तीत नापास झाला की ट्रक थेट भंगारात! सासरेबुवा तोंडाने म्हणायचे, "गेला तर गेला, लोखंडच ते!" पण आठवडाभर त्यांचं अर्धं जेवण ताटात तसंच राहत होतं, हे सूनबाईच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तिच्या नजरेतून काहीच सुटत नसे. तोच तर सगळा घोळ होता.

आता बिल्ल्यांचं थोडं सांगायला हवं. लष्करी गाडीतल्या वायरी सगळ्या काळ्या. लाल, पिवळी, हिरवी अशी भानगडच नाही. ओळख म्हणून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधलेला नखाएवढा पत्र्याचा बिल्ला आणि त्यावर ठोकलेला आकडा. मधला सगळा भाग कापडी पट्टीत करकचून गुंडाळलेला. तेव्हा डॅशबोर्डपाशी आत शिरलेली वायर पुढे नेमकी कुठे डोकं बाहेर काढते, हे सांगणारा जगात एकच साक्षीदार, तो म्हणजे हा बिल्ला. काकांनी जुडगा बाहेर काढून टोकन् टोक पॉलिश पेपरने घासलं होतं. सव्वीस वायरी, बावन्न बिल्ले.

सूनबाईला मात्र चादरीवर वेगळंच दिसत होतं. बावन्न बारीक, चकाकणाऱ्या, रांगणाऱ्या पोराच्या घशात बरोब्बर अडकतील अशा वस्तू! जिने आदल्या महिन्यात द्राक्षांचे आठ-आठ तुकडे करून घरच्यांना वेड लावलं होतं, तिने हे दृश्य पाहायचं आणि शांत बसायचं?

तरी ती बसली. चांगली सात मिनिटं बसली. मग फोन वाजला, तिने मान वळवली, मान परत फिरवली, तर छकुली चादरीच्या मध्यभागी! गालाला फुगवटा आलेला, चेहऱ्यावर परमसंतोष आणि ओठांतून डोकावणारा पत्र्याचा कोपरा!

सूनबाईने झडप घातली, तोंडात बोट घालून बिल्ला काढला, स्वेटरला पुसला, आणि आणखी काही आहे का बघायला पुन्हा बोट घातलं. छकुली कडाडून चावली. आत काही नव्हतं. पण आत्ता नव्हतं म्हणजे आधीही नव्हतं, असं कुठे सिद्ध होतं?

"मोजूया," सूनबाई स्वतःशी म्हणाली. "विज्ञान म्हणजे तरी काय? मोजणं!"

तिने बिल्ले जागच्या जागी मोजले. एकोणपन्नास भरले. पुन्हा मोजले. चोपन्न! तिसऱ्यांदा पन्नास. गुंत्यातली टोकं गारुड्याच्या सापांसारखी हलत होती; कोण मोजून झालं, कोण राहिलं, काही पत्ता लागेना. तेव्हा तिच्या पहिल्या वर्गाच्या डोक्यात विचार आला, की सगळे बिल्ले सोडवून एका ताटलीत घेतले तर चुकायचा प्रश्नच नाही!

आणि तिने ते सोडवले! एकूण एक! ताकीद दिल्याला अजून अर्धा तासही झाला नव्हता.

ताटलीत भरले एक्कावन्न.

मग जोड्या लावल्या. एकाला एक, दोनाला दोन, सगळे नवरा-बायकोसारखे शेजारी शेजारी बसले. सतरा नंबर तेवढा एकटा, विधुरासारखा.

सूनबाईने नवऱ्याला ऑफिसात फोन लावला.

"अरे, छकुलीने सतरा नंबर गिळला!"

"सतरा काय गिळले?"

"सतरा नाही, सतरावा!"

"म्हणजे आधीचे सोळा पचले?"

तिने फोन आपटला, छकुलीला उचललं, नमुना म्हणून उरलेला सतरा रुमालात बांधला आणि रिक्षाने दवाखाना गाठला.

"काय गिळलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिल्ला."

"शाळेचा?"

"लष्कराचा."

डॉक्टरांनी छकुलीकडे आदराने पाहिलं. मग पोट दाबलं, घसा पाहिला, एक्स-रे काढला. उभा काढला, आडवा काढला. छकुलीच्या पोटात धातू म्हणून काही नव्हता.

"नीट बघा ना डॉक्टर. सतरा नंबर आहे."

"बाई, नंबर सतरा असो नाहीतर सातशे, पोट रिकामं आहे. तिला आधी काहीतरी खायला घाला!"

आनंदाने सूनबाईचे डोळे भरून आले. आणि पुढच्याच क्षणी डोक्यात मुंग्या आल्या. पोटात नाही, मग गेला कुठे?

घरी परतली तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. म्हातारे पाचला येणार होते. चादरीवर सव्वीस वायरींची बावन्न नागडी टोकं आणि ताटलीत बिल्ले!

कुठलं टोक कुठल्या वायरीचं, हे शोधायला एक सेल आणि एक छोटा बल्ब पुरतो, हे तिला फिजिक्समुळे ठाऊक होतं. पण टॉर्चमध्ये सेल नव्हते. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढायला ती स्टुलावर चढली आणि खाली छकुलीने स्टुलाचा पाय धरून उभं राहायला सुरुवात केली. तो बेत तिथेच बारगळला. मग आठवलं, फोटो! तिच्या फोनमध्ये छकुलीचे चारशे फोटो होते आणि सकाळच्याच एकात मागे जुडगा दिसत होता! तिने फोटो मोठा केला. अकरा आकडे स्वच्छ वाचता येत होते. उरलेले छकुलीच्या डोक्यामागे होते. इतक्या गोड डोक्याचा राग यायची ही पहिलीच वेळ!

बाकीचं तिने तर्काने भरलं. जाड वायरीला मोठा आकडा, बारीकला छोटा. जी टोकं एकमेकांकडे बघतात असं वाटलं, त्यांना जोडी ठरवलं. लग्नं जुळवणारेही इतक्या घाईने जुळवत नाहीत! आणि हरवलेल्या सतराव्यासाठी बाळाच्या खाऊच्या डब्याच्या झाकणातून तुकडा कापला, त्यावर खिळ्याने सतरा ठोकला. तो इतका चकचकीत दिसत होता की नव्या नवरदेवाने लाजावं.

पाचला म्हातारे आले. काकांनी चादरीवर नजर फिरवली.

"हात लावला नाहीस ना?"

"राखण केली काका," सूनबाई म्हणाली. म्हणजे खोटं काहीच बोलली नाही. खरंही नाही.

बुधवारी काकांनी जुडगा ट्रकमध्ये बसवला. प्रत्येक खाचेवर आकडा, प्रत्येक टोकावर बिल्ला. सहा सहाला, नऊ नऊला. दुपारी चाचणी ठरली. सासरेबुवा गाडीत, काका तपासणी अधिकाऱ्याच्या ऐटीत मागे, सासूबाई समोर खुर्ची टाकून चहाचा कप घेऊन, आणि सूनबाई खिडकीत, छकुलीला घट्ट धरून.

"डावा इंडिकेटर!" काका ओरडले.

सासरेबुवांनी दांडी खाली केली. मागे काही लागलं नाही. पुढचा डावा हेडलाइट मात्र लागला, विझला, लागला, विझला.

"अहो!" सासूबाई कप सावरत उठल्या. "ही मेली मला डोळा मारतेय!"

"काय लागलं?" काका मागून ओरडले.

"डोळा!"

"हेडलाइट लाव!"

सासरेबुवांनी लावला. मागचे ब्रेकलाइट लालभडक पेटले.

"अरे, ब्रेक नको दाबू, हेडलाइट लाव!"

"ब्रेकवर पायच नाही माझा!"

"मग ठेव!"

सासरेबुवांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि हॉर्न वाजला. लष्करी हॉर्न! तीन डोंगर ओलांडून ऐकू जावा म्हणून बनवलेला! सासरेबुवा दचकले. दचकलेला ड्रायव्हर काय करतो? ब्रेक दाबतो. हॉर्न आणखी वाजला. ते आणखी दचकले. छकुलीने भोकाड पसरलं, सासूबाईंचा चहा पदरावर सांडला, शेजारचे गृहस्थ अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत कुंपणापाशी धावत आले. "काय झालं? युद्ध सुरू झालं का?"

"पाय काढ!" काका ओरडले.

"गाडी पुढे जाईल!"

"गाडी बंद आहे, लेका!"

पाय निघाला. शांतता पसरली. काकांनी टोपी काढून बोनेटवर ठेवली आणि पहिल्यापासून सगळं तपासलं. नऊला नऊ. बाराला बारा. वायरिंगच्या कागदाप्रमाणे सगळं चोख आणि गाडी ठार वेडी! त्यांनी पुन्हा तपासलं. मग तिसऱ्यांदा. मग त्यांच्या हाताला तो चकचकीत सतरा लागला.

"हा नवा दिसतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "हा मी कधी केला?"

खिडकीत सूनबाईने छकुलीला आणखी घट्ट धरलं. आता बोलावं, आत्ताच बोलावं, असं तिला वाटत होतं. पण तेवढ्यात सासरेबुवा हसत म्हणाले, "वय झालं लेका तुझं! स्वतःच करतोस आणि स्वतःच विसरतोस!"

ते गमतीने म्हणाले. तीस वर्षं दोघे एकमेकांना असंच म्हणत आले होते. पण या वेळी काका हसले नाहीत. त्यांनी टेस्टर, पक्कड, टेपचा गुंडाळा, सगळं फडक्यात बांधलं आणि सासरेबुवांच्या हातात दिलं.

"बिल्ला खोटं बोलत नाही. म्हणजे माझंच डोकं चालेनासं झालंय. तू दुसरा कुणीतरी बघ बाबा."

आणि टोपी बोनेटवरच विसरून ते निघून गेले.

गुरुवारी काका आले नाहीत. सासरेबुवांनी चार फोन केले, त्यांनी एकही उचलला नाही. दुसरा वायरमन आला, सव्वीस काळ्या वायरी बघून "हे माझ्या आजोबांना विचारावं लागेल" म्हणाला आणि गेला. सासरेबुवा दिवसभर गाडीत बसून होते. आपल्या एका थट्टेने मित्रही गेला आणि ट्रकही गेला, असा त्यांचा हिशोब. ताट जसंच्या तसं परत आलं. सासूबाईसुद्धा सवतीला काही बोलल्या नाहीत, तेव्हा सूनबाईची पाचावर धारण बसली.

तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"सांगून टाक त्यांना."

"कसं सांगू?"

"तोंडाने!"

शुक्रवारी सकाळी ती छकुलीला कडेवर घेऊन काकांच्या घरी गेली. काका एकटे राहायचे. एकच खोली, पण लष्करी शिस्तीची. चादरीला सुरकुती नाही, चपला सावधान. ते टेबलापाशी बसून डोळे मिटून पुटपुटत होते. "चौदा म्हणजे हॉर्न. पंधरा, डावा हेडलाइट. सोळा, उजवा. सतरा... सतरा..." समोर वर्तमानपत्राचं कात्रण होतं, 'विसराळूपणाची दहा लक्षणे'. नऊ लक्षणांपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण!

"ये सूनबाई," ते म्हणाले. "मी तुला ओळखलं, बघ. एवढं अजून शाबूत आहे."

सूनबाईने बोलायला तोंड उघडलं आणि नेमकं छकुलीचं नाक वाहिलं. तिने स्वेटरच्या खिशातून रुमाल ओढला.

टिण्ण!

फरशीवर पत्र्याचा एक तुकडा गरगर फिरला आणि काकांच्या चपलेपाशी आडवा झाला. काकांनी चष्मा लावला, तो उचलला, उजेडात धरला.

"सतरा."

सूनबाई बघतच राहिली. छकुलीच्या तोंडातून काढला, स्वेटरला पुसला, आणि... हो की! सगळं जग मोजून झालं, स्वतःचा खिसा तेवढा मोजायचा राहिला! बिल्ला दवाखान्यात गेला होता, एक्स-रेच्या खोलीतही हजर होता, फक्त छकुलीपासून दोन फूट उजवीकडे!

"हा जुना," काका सावकाश म्हणाले. "म्हणजे तो चकचकीत..."

"खाऊच्या डब्याचा आहे काका. मी केला. बिल्लेही मीच काढले, मीच बांधले, तुमचं डोकं एकदम ठीक आहे, माझंच फिरलंय!" सूनबाईने एका दमात सगळं ओकून टाकलं आणि रडायला लागली. तिला बघून छकुली रडायला लागली.

काकांनी खोडरबर घेतला आणि कात्रणावरच्या खुणा एकेक करून पुसायला सुरुवात केली. आठ पुसल्या. नवव्यापाशी थांबले.

"परवा गॅसवर दूध ठेवून विसरलो, ते?"

"ते माझं नाही काका. ते तुमचंच."

"असू दे," काका म्हणाले. "एक चालेल." मग त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "पहिला वर्ग म्हणालीस ना?"

"हो."

"वर्गात आणखी कुणी होतं का?"

अर्ध्या तासात काका ट्रकपाशी होते. सेल, बल्ब आणि दोन वायरी. काका एका टोकाला सेल धरायचे, सूनबाई दुसरीकडे बल्ब लावत जायची, बल्ब लागला की काका आकडा सांगायचे, कागद न बघता! सव्वीसच्या सव्वीस! आणि खऱ्या सतराला जागेवर बांधताना त्यांनी गाठ मारली ती अशी, की आता तो बिल्ला काढायला तोफ लागेल.

"कसली चूक होती?" सासरेबुवांनी विचारलं. सूनबाईने तोंड उघडलं, पण काका आधी बोलून गेले.

"माझ्याकडून दोन-चार बिल्ले उलटसुलट झाले होते. वय झालं, लेका!"

शनिवारी अकरा वाजता अधिकाऱ्यांनी डावा इंडिकेटर मागितला, डावाच लागला. ब्रेक दाबला, दिवे लाल झाले. हॉर्न वाजवला, तेव्हा अधिकाऱ्यांच्या हातातला फॉर्म उडाला, पण त्यांनी तो उचलून त्यावर शिक्का मारला. सासरेबुवांच्या डोळ्यांत त्याच वेळी कचरा गेला. दोन्ही डोळ्यांत.

"वायरिंग कुणी केलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हिने," काका सूनबाईकडे बोट दाखवत म्हणाले. "फिजिक्स घेऊन बी.एस्सी. आहे. पहिला वर्ग!"

इथवर 'सूनबाई, सूनबाई' म्हणत लिहिलं, पण तुम्ही केव्हाच ओळखलं असेल, ती मीच. बाबा, म्हणजे माझे सासरे, अजून रोज काकांना 'विसराळू' म्हणून चिडवतात आणि काका माझ्याकडे बघून गप्प हसतात. तोंडाने सांगायचं धाडस दोनदा केलं, दोन्ही वेळा बाबांनी हॉर्न वाजवला. म्हणून हे लिहून काढलं. बाबांनी वाचलं तर वाचलं!

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत कुणी जुनं, हातात कसब असलेलं माणूस 'माझं डोकं आता चालत नाही' म्हणून घरी बसलं असेल, तर आजच जाऊन त्याला बघून या. चहा प्या, चार गोष्टी विचारा. आणि निघण्याआधी त्या घरातल्या शिकलेल्या सुनेच्या स्वेटरचे खिसे एकदा तपासा!